क्रेन पोचत नाही, हेलिकॉप्टर उतरत नाही. मग दरीतल्या माणसाला वर कसं काढतात?

१९ जुलै २०२३ ची रात्र. रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बातमी कळली, यंत्रणा हलली, पायथ्याला गाड्यांची रांग लागली. पण वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. पावसात तास-सव्वा तासाची निसरडी चढण, तीही पाऊलवाटेने. मोठी यंत्रं खालीच राहिली. जे काही वर गेलं ते माणसांच्या पाठीवरून आणि खांद्यावरून गेलं. मदतीसाठी चढत असलेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

इर्शाळवाडीत दोरापेक्षा कुदळ-फावड्याचं काम जास्त होतं, हे खरं. पण सह्याद्रीतल्या जवळपास प्रत्येक रेस्क्यूला जो प्रश्न पडतो, तो तिथे सगळ्या राज्याने पाहिला. गाडी जिथे थांबते तिथून पुढे काय? जे हातात आणि पाठीवर मावेल, तेवढ्यावर माणूस वाचवता येतो का?

येतो. त्यासाठी जगभरात एक वेगळी पद्धत शिकवली जाते, तिला हलकं रोप रेस्क्यू म्हणता येईल. कमी वजनाचे दोर, मोजकं साहित्य, दोन-चार माणसं आणि भरपूर सराव. ही पद्धत नेमकी काय आहे, ती कोणाला शिकवायला हवी आणि नुसतं किट घेऊन का भागत नाही, ते समजून घेऊ.

आधी हेलिकॉप्टरचं बघू

दरीत कोणी अडकल्याची बातमी आली की कमेंटमध्ये पहिला प्रश्न असतो, "हेलिकॉप्टर का नाही पाठवत?"

फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळमधल्या पालक्काड जिल्ह्यात, मलमपुळाजवळच्या डोंगरावर एक तरुण घसरून कड्यातल्या कपारीत अडकला. पाऊस नव्हता, ढग नव्हते. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलंही, पण त्याला कड्याजवळ जाऊन या तरुणाला उचलता आलं नाही. शेवटी लष्कराची पथकं आली, जवान डोंगराच्या माथ्यावर चढले आणि तिथून दोर लावून खाली उतरले. अडकल्यापासून ४० तासांहून जास्त वेळ गेल्यावर एका जवानाने त्याला स्वतःच्या दोराला जोडून घेतलं आणि दोघांना वर ओढण्यात आलं. हेलिकॉप्टर कामाला आलं ते त्यानंतर, माथ्यावरून त्याला दवाखान्यात न्यायला.

हा डोंगर आपल्याच पश्चिम घाटातला. आपल्याकडचे बहुतेक अपघात तर भर पावसाळ्यात होतात. ढग खाली उतरलेले, वारा सुटलेला, बऱ्याचदा अंधार पडलेला. अशा वेळी कड्याच्या भिंतीजवळ पंखा फिरवत स्थिर राहणं हे वैमानिकासाठीही जिवावरचं काम असतं. त्यामुळे दोर हा पर्यायांच्या यादीत शेवटी ठेवून चालत नाही. कित्येकदा तो एकच पर्याय असतो.

'हलकं' म्हणजे नेमकं किती?

अग्निशमन दलाची जुनी पद्धत जड साहित्याची आहे. अमेरिकेच्या मानकांचा यावर मोठा प्रभाव आहे. तिथे सर्वसाधारण बचावकामाचा दोर किमान ४० किलोन्यूटन ताण सहन करणारा लागतो. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाचा ताण धरा, म्हणजे हा आकडा ४,००० किलोच्या घरात जातो. एवढ्या ताकदीचा दोर साधारण १२.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे १०० मीटर भरतात १० किलोच्या वर. सोबत लोखंडी कॅरॅबिनर, तिपाई, मोठ्या पुली, वेगळा सुरक्षा-दोर. गाडी शेजारी उभी असेल तर ही पद्धत उत्तम आहे. इमारत, पूल, उद्योगातली टाकी अशा जागी तीच वापरावी.

पण हेच सगळं घेऊन दीड तास डोंगर चढायचा असेल तर? पोचेपर्यंत पथक दमलेलं असतं.

हलक्या पद्धतीत दोर ९ ते ११ मिलिमीटरचा असतो. ११ मिलिमीटरच्या दोराचं वजन मीटरला ७५ ते ८० ग्रॅम, म्हणजे ६० मीटरचा दोर साडेचार-पावणेपाच किलोचा. युरोपच्या मानकांनुसार अशा 'अ' प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते. त्यात तीन हार्नेस, तीन हेल्मेट, पंधराएक अ‍ॅल्युमिनियमचे कॅरॅबिनर, दोन-तीन छोट्या पुली, स्लिंग, बारीक दोरीचे फास, उतरायचं साधन आणि जखमीसाठी त्रिकोणी बांधणी धरा. सगळं मिळून ११-१२ किलोचा हिशोब होतो. तिघांत वाटलं तर माणशी चार किलो. म्हणजे प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाणी, बॅटरी आणि प्रथमोपचाराला जागा उरते.

हे वजन कमी होतं त्याची किंमत मात्र मोजावी लागते. ४० वरून २२ वर आलं म्हणजे चूक पचवण्याची ताकद जवळपास निम्मी झाली. गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद आणखी कमी होते, गाठीच्या प्रकारानुसार साधारण चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत. नायलॉनचा दोर भिजला की जड होतो आणि थोडा कमजोरही. बारीक ओला दोर उतरायच्या साधनातून जास्त वेगाने सरकतो, म्हणजे हाताची पकड सैल पडली तर सावरायला वेळ कमी मिळतो.

जड साहित्य बऱ्याच चुका झाकून नेतं. हलकं साहित्य तसं झाकत नाही. म्हणून या पद्धतीत किट घेण्यापेक्षा प्रशिक्षण महत्त्वाचं ठरतं.

तीन माणसांचं काम एक माणूस कसं करतो?

समजा ८० किलोचा माणूस खाली आहे आणि वर दोघेच आहेत. सरळ ओढलं तर दोर कातळाच्या काठावर घासतो, हात भरून येतात, माणूस मध्येच लटकतो. इथे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली कप्पी उपयोगी पडते.

दोर इंग्रजी 'झेड' अक्षरासारखा वळवून दोन पुलींमधून घेतला की तीनास एक असा फायदा मिळतो. कागदावर ८० किलोसाठी २७ किलोची ओढ पुरते. बदल्यात दोर तिप्पट ओढावा लागतो. माणूस एक मीटर वर यायला तीन मीटर दोर खेचायचा.

पण हे झालं कागदावर. प्रत्यक्षात घर्षण असतं. चांगली पुली असेल आणि ती दर वळणाला दहा टक्के ताण खात असेल, तर ओढ ३० किलोच्या आसपास जाते. पुली नाही म्हणून नुसत्या कॅरॅबिनरवरून दोर घेतला, तर प्रत्येक वळणाला जवळपास निम्मा ताण वाया जातो आणि ओढ ४० किलोच्या पुढे पोचते. म्हणजे वजन वाचवताना शंभर ग्रॅमची पुली घरी ठेवली, तर डोंगरावर प्रत्येक हिसक्याला दहा-बारा किलो जास्त ओढावं लागतं. काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे कळणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

या रचनेत दोर मागे सरकू नये म्हणून बारीक दोरीचा एक फास लावतात, त्याचं नाव प्रुसिक. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावावरून ही गाठ ओळखली जाते. तिच्यावर ताण आला की ती मुख्य दोराला घट्ट धरते, ताण गेला की सरकवता येते. असंच इटालियन हिच नावाचं एक वेटोळं आहे. उतरायचं साधन हातातून दरीत पडलं, तरी एका कॅरॅबिनरवर हे वेटोळं घालून माणूस खाली सोडता येतो. एक साधन हरवलं म्हणून काम थांबू नये, हा हलक्या पद्धतीचा पाया आहे.

झाडाला दोर बांधता येतो, पण कोणत्या?

रोप रेस्क्यूमध्ये सगळं एका गोष्टीवर टांगलेलं असतं, ती म्हणजे अँकर. दोर ज्याला बांधला ती जागा. झाड, मोठा धोंडा, घाटातला कठडा, कधी उभी गाडी.

नवशिक्याची ठरलेली चूक इथे होते. दोन झाडं दिसली की तो दोघांना दोर बांधतो आणि मध्ये वजन लावतो. दोन आधार म्हणजे वजन निम्मं-निम्मं, असं त्याला वाटतं. पण ते दोन दोरांमधल्या कोनावर अवलंबून असतं. कोन ६० अंशांचा असेल तर १०० किलोच्या वजनाला प्रत्येक झाडावर ५८ किलोचा ताण येतो. ९० अंशांना ७१ किलोचा. १२० अंशांना थेट १०० किलोचा. त्याच्याही पुढे कोन गेला तर प्रत्येक झाडावरचा ताण मूळ वजनापेक्षा जास्त होतो.

सह्याद्रीचा कातळ हा आणखी वेगळा विषय. बेसॉल्टच्या उभ्या भिंती, मधेमधे गवताचे टप्पे आणि त्यावर सुटे दगड. पावसाळ्यात माती भिजली की वरून दणकट दिसणारं झाड मुळासकट हलू शकतं. दोर काठावर घासू नये म्हणून खाली जाड कापड किंवा पाइपचं आवरण घालावं लागतं. वरच्या माणसाचा पाय लागून सुटलेला दगड खालच्या माणसावर जाऊ शकतो. म्हणून परदेशी पुस्तकातला धडा इथे जसाच्या तसा चालत नाही. सराव ज्या घाटात काम करायचंय त्याच घाटात, आणि शक्यतो पावसात व्हायला हवा.

प्रशिक्षणात काय काय येतं?

रॅपलिंग म्हणजे रेस्क्यू, असा एक मोठा गैरसमज आहे. शिबिरात दोरावरून उतरलेला माणूस स्वतः उतरू शकतो. दुसऱ्याला आणणं ही त्याच्या पुढची चार पावलं आहेत.

पहिलं, मोजक्या गाठी डोळे मिटून, ओल्या हातमोज्यांनी मारता येणं. दुसरं, उतरताना मध्येच थांबून त्याच दोरावर वर चढायला लागणं, कारण खाली जागा चुकीची निघाली तर परत यावं लागतं. तिसरं, घाबरलेल्या किंवा बेशुद्ध माणसाला स्वतःच्या साधनाला जोडून घेणं. चौथं, वर ओढायचं की खाली सोडायचं, हे ठरवणं. खाली सोडणं बहुतेक वेळा सोपं आणि जलद असतं. पण खालून बाहेर पडायला वाट नसेल, तर तो निर्णय चुकतो.

जखमीची काळजी यातच येते. मणक्याला मार असण्याची शक्यता असेल, तर त्रिकोणी बांधणीत बसवून ओढणं चालत नाही, स्ट्रेचर लागतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहिलेला माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे 'दोराला बांधलाय ना, मग सुरक्षित आहे' असं म्हणून वेळ काढता येत नाही.

शिवाय खुणा. धबधब्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. म्हणून शिट्टीची भाषा ठरलेली असते. एक प्रचलित पद्धत अशी: एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. ऐनवेळी पोलिस, अग्निशमन आणि गावकरी असे तीन गट एकत्र आले आणि तिघांच्या खुणा वेगळ्या असल्या तर काय होईल, ते सांगायची गरज नाही.

दोर फक्त कड्यासाठी नाही

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर शेणाच्या स्लरीने भरलेल्या पडक्या विहिरीत पडलं. तिला काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. एकूण सहा जण उतरले, पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला माणूस.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. एक, साधा दोरही जीव वाचवतो. दुसरी, दोर हातात असणं पुरेसं नाही. विहिरीत, टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये विषारी वायू असू शकतो किंवा प्राणवायूच कमी असू शकतो. वायू तपासल्याशिवाय आणि श्वासाची सोय असल्याशिवाय खाली माणूस सोडायचा नाही, हा रेस्क्यूचा पहिला नियम. 'नाही, आत्ता उतरायचं नाही' असं जमावासमोर ठामपणे सांगता येणं, हेसुद्धा शिकवावं लागतं आणि ते बहुधा गाठींपेक्षा अवघड आहे.

मग हे शिकायचं कोणी?

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला आहेत. यांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण त्यांचा तळ आणि अपघाताची जागा यांच्यामध्ये घाट आहेत, पाऊस आहे, ट्रॅफिक आहे. तोवर घटनास्थळी असतात स्थानिक पोलिस ठाण्याचे दोन-चार कर्मचारी, जवळच्या नगरपरिषदेची अग्निशमन गाडी, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आणि गावातली पोरं.

आणि असतात ट्रेकर्स. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल कोसळली. एक जण वाचला आणि चढून वर आला, त्याच्यामुळे अपघात कळला. त्यानंतर धो-धो पावसात दोर लावून दरीत उतरले त्यात महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक आघाडीवर होते. लोणावळ्यापासून कोल्हापूरपर्यंत अशी पथकं आहेत. पोलिसांचा फोन आला की आपली नोकरी, दुकान सोडून ही माणसं निघतात. स्वतःचा दोर, स्वतःचं पेट्रोल, आणि दुखापत झाली तर बऱ्याचदा दवाखान्याचा खर्चही स्वतःचाच.

केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं, त्यांना १२ दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं. ही चांगली सुरुवात आहे. पण त्या १२ दिवसांत पूर, आग, भूकंप, प्रथमोपचार सगळंच येतं. दोराच्या वाट्याला साहजिकच थोडा वेळ येतो. ओळख होते, हात बसत नाही.

खरी अडचण नेमकी इथे आहे. साहित्याची खरेदी दिसते. तिचं उद्घाटन होतं, फोटो निघतो, बिल पास होतं. सराव कुठे दिसत नाही. गाठी मारायची सवय तर वापरली नाही तर काही महिन्यांत उतरते. बदली झाली की शिकलेला कर्मचारी जातो, किट मागे राहतं. तेही अनेकदा चुकीच्या जागी. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेल्या नायलॉनच्या दोरावर अ‍ॅसिडचे थेंब पडले, तर बाहेरून काही न दिसताही तो आतून कुजू शकतो. बहुतेक उत्पादक कापडी साहित्याला १० वर्षांच्या आसपासची मुदत देतात, न वापरता पडून असलं तरी. दोर कधी घेतला, किती वेळा वापरला, कधी तपासला, याची साधी वही नसेल तर त्या दोरावर कोणी जीव टांगावा?

काय करता येईल?

यासाठी फार मोठा निधी लागतो असं नाही. दरवर्षी अपघात होणारे घाट आणि धबधबे पोलिसांना तोंडपाठ असतात. त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात पाच-सहा जणांचं पथक, दर तीन महिन्यांनी एक दिवस सराव, आणि तो स्थानिक ट्रेकर्सबरोबर एकत्र. खुणा एक, गाठी एक, प्रमुख कोण हे आधीच ठरलेलं. घाटातल्या नेहमीच्या जागांवर कोणतं झाड, कोणता धोंडा अँकरला चालतो याची पावसाळ्याआधी पाहणी. आणि पोलिसांच्या बोलावण्यावरून दरीत उतरणाऱ्या स्वयंसेवकाला विम्याचं कवच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अर्धवट शिकलेल्याच्या हाती हलकं किट दिलं तर एकाच्या जागी दोघे दरीत जातील. तो खराच आहे. म्हणूनच पथकांचे स्तर हवेत. प्रत्येकाने कड्यावरून उतरायची गरज नाही. काठावर गर्दी आवरणं, जागा नक्की करणं, अँकर तपासणं, खाली बोलत राहून जखमीला धीर देणं, एवढं नीट येणारे चौघे आधी पोचले तरी मागून येणाऱ्या तज्ज्ञ पथकाचा मोठा वेळ वाचतो. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ दरीत पडलेल्या तरुणीला पथकांनी काही तासांच्या कष्टाने वर आणलं, पण तिचा जीव वाचला नाही. तिथे काही वेगळं घडलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. पण अशा प्रत्येक घटनेत वाचवता येण्यासारखी एकच गोष्ट आपल्या हातात असते, वेळ.

तुमच्यासमोर असं काही घडलं तर स्वतः उतरू नका, ओढणी किंवा साडी बांधून खाली सोडू नका. ११२ वर फोन करा. जवळचं गाव, धबधबा किंवा किल्ल्याचं नाव, मोबाइलवरचं लोकेशन, माणूस बोलतोय का, आणि तिथपर्यंत गाडी येते की चालावं लागतं, हे सांगा. या शेवटच्या माहितीवरून पथक कोणतं किट उचलायचं ते ठरवतं.

आणि तुमच्या तालुक्यात नव्या रेस्क्यू किटचं लोकार्पण झाल्याची पोस्ट दिसली, तर खाली कमेंटमध्ये एवढंच विचारा: हे वापरायला कोण शिकलंय आणि त्यांचा शेवटचा सराव कधी झाला?